तीनशे वर्षं चेहरा नसलेलं कॅथेड्रल

फ्लॉरेन्सला जाऊन आलेल्या मराठी कुटुंबाच्या अल्बममध्ये एक फोटो हमखास असतो. मागे पांढऱ्या, हिरव्या आणि गुलाबी संगमरवराची उंच भिंत, पुतळ्यांनी भरलेले कोनाडे, मधोमध मोठी चक्राकार खिडकी, आणि पुढे डोळ्यांवर ऊन आल्यामुळे डोळे बारीक केलेली आपली माणसं. खाली लिहिलेलं असतं, 'मध्ययुगीन कॅथेड्रलसमोर'. तुमच्याकडे असा फोटो असेल तर काढून समोर ठेवा. त्यातली ती भिंत १२ मे १८८७ या दिवशी लोकांसमोर खुली झाली. म्हणजे ती आणि आपलं व्हीटी स्टेशन जवळपास एका वयाचे. व्हीटीचं बांधकाम १८७८ मध्ये सुरू झालं आणि १८८७ मध्ये त्याला व्हिक्टोरिया राणीचं नाव मिळालं. व्हीटीकडे बघून कुणी 'मध्ययुगीन' म्हणत नाही. फ्लॉरेन्समध्ये मात्र सगळेच म्हणतात.

माझ्या पीएचडीचा विषय नेमका हा आहे: एकोणिसाव्या शतकात इटलीतल्या अपुऱ्या चर्चना दर्शनी भाग कसे आणि का बांधले गेले. 'म्हणजे जीर्णोद्धार का?' असं मला बरेचदा विचारलं जातं. शब्द चांगला आहे, पण इथे तो लागू पडत नाही. जीर्णोद्धारात आधी काहीतरी असतं, ते जीर्ण होतं, मग त्याचा उद्धार होतो. फ्लॉरेन्समध्ये दुरुस्त करायला काही उरलंच नव्हतं. समोर होती एक उघडी, ओबडधोबड भिंत. म्हणून मी 'पूर्तता' हा शब्द वापरते. दुसऱ्याने अर्धवट सोडलेलं काम आपण पुरं करायचं. यात खरा प्रश्न असा येतो की ते पुरं करताना बोलायचं कुणाच्या आवाजात? त्याच्या, की आपल्या?

आधी ती भिंत उघडी का राहिली, ते बघू.

कॅथेड्रलची पायाभरणी १२९६ मध्ये झाली. पहिला वास्तुकार आर्नोल्फो दि काम्बिओ. त्याने दर्शनी भागाचा खालचा हिस्सा उभारला, त्यात स्वतः घडवलेले पुतळे बसवले आणि तो वारला. पुढच्या पिढ्यांनी थोडी थोडी भर घातली, पण काम अर्ध्याच्या आसपास अडकलं. दरम्यान बाकीचं कॅथेड्रल मात्र वाढत गेलं. १३३४ मध्ये जोत्तोने शेजारचा घंटामिनार सुरू केला, तो १३५९ मध्ये पुरा झाला. १४२० ते १४३६ या काळात ब्रुनेलेस्कीने तो जगप्रसिद्ध घुमट चढवला. म्हणजे मागे जगातला सर्वांत धाडसी घुमट आणि पुढे अर्धवट दर्शनी भाग, अशी ही इमारत दीडशे वर्षं उभी होती, आणि लोकांचं त्यावाचून काही अडत नव्हतं.

१५८७ मध्ये ग्रँड ड्यूक फ्रांचेस्को पहिला याच्या कारकिर्दीत तो अर्धवट भाग पाडून टाकला गेला. कारण? जुनाट दिसतो. नव्या चालीचा, रोमन पद्धतीचा दर्शनी भाग बांधायचा बेत होता. बुओन्तालेन्तीने आराखडा केला, इतरांनीही केले, लाकडी नमुने तयार झाले (ते आजही कॅथेड्रलच्या संग्रहालयात बघायला मिळतात). त्याच वर्षी ड्यूक वारला. जुनं पाडून झालं होतं आणि नवं ठरत नव्हतं. आपल्याकडे रस्ता खणून ठेवला की पुढचं टेंडर निघत नाही, तसंच.

पुढे राजघराण्यात लग्न निघालं की भिंत तात्पुरती सजवायची, असं चाललं. १६८८ मध्ये तर मेदिचींच्या घरच्या एका लग्नासाठी अख्ख्या भिंतीवर खोटे खांब आणि खोटे कोनाडे रंगवले गेले. ते रंग उडत उडत एकोणिसाव्या शतकापर्यंत आले.

इथे एक तारीख आपल्या बाजूने लावून बघते. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज युरोपचा दौरा आटोपून परत येताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय जेमतेम वीस. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, काशीने नावाच्या मोठ्या बागेच्या टोकाला, त्यांच्यावर अग्निसंस्कार झाला. १८७४ मध्ये तिथे त्यांचं स्मारक उभं राहिलं. त्यावरची छत्री ज्या चार्ल्स मँटने आखली, त्यानेच पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधला. छत्रपती फ्लॉरेन्समध्ये होते तेव्हा कॅथेड्रलला ही भिंत नव्हती. आज आपण जिच्यासमोर फोटो काढतो तिचा आराखडासुद्धा तेव्हा पक्का झाला नव्हता. कोल्हापूरच्या राजाचं स्मारक या 'मध्ययुगीन' भिंतीपेक्षा तेरा वर्षांनी जुनं आहे.

आता चौकात येऊ. पियात्झा देल दुओमोमध्ये उभं राहिल्यावर सगळ्यांचे डोळे आधी कॅथेड्रलच्या दर्शनी भागावर जातात. तसं करू नका. त्याच्याकडे पाठ करा आणि समोरची बाप्टिस्टरी, म्हणजे बाप्तिस्म्याची ती अष्टकोनी इमारत, बघा. चौकातलं सर्वांत जुनं हेच. तिचं पांढरं-हिरवं कवच अकराव्या शतकापासून पुढे चढत गेलं. पांढरा दगड काराराचा, हिरवा प्रातोचा. पाच मिनिटं फक्त हिरव्या रेघा बघा. प्रत्येक रेघ काहीतरी सांगते. इथे खालचा मजला संपला, इथे खांब, इथे कमान सुरू झाली. प्रत्येक बाजूवर मधल्या मजल्यावर तीन कमानी, आणि त्या कमानींना हिरव्याने रेखलंय. रंग इथे दागिना म्हणून येत नाही, इमारत कशी वाचायची ते तो दाखवतो. लहान मुलालाही मजले मोजता येतील.

मग घंटामिनार. सुमारे पंच्याऐंशी मीटर उंच, आणि तरीही जड वाटत नाही. कारण सोपं आहे: वर जाताना खिडक्या मोठ्या होत जातात. खालचे मजले जवळजवळ बंद, त्यावर जोडखिडक्यांचे दोन मजले, आणि सर्वांत वर मोठी तिहेरी खिडकी. दगड कमी, हवा जास्त. जोत्तो, आंद्रेआ पिझानो आणि फ्रांचेस्को तालेन्ती अशा तिघांनी एकामागून एक हे काम केलं. म्हणजे हीसुद्धा पूर्तताच. तालेन्तीने मोठ्या खिडक्या आपल्या मनाने केल्या, आणि मला मिनाराचा तोच भाग सर्वांत आवडतो.

कॅथेड्रलच्या बाजूच्या भिंतीही चुकवू नका. त्यांवर सहा-सहा उंच खिडक्या आहेत, पण प्रकाश आत येतो तो घुमटाच्या बाजूच्या चारांतूनच. दर्शनी भागाजवळच्या दोन नुसत्या शोभेच्या. मधल्या काळात आराखडा बदलला, चर्च मूळ बेतापेक्षा मोठं झालं, त्याची ही खूण. दगडात राहून गेलेली खाडाखोड म्हणा. अशी खाडाखोड दिसली की माझ्यासारखीचा दिवस सार्थकी लागतो.

आणि आता वळा. समोर एमिलियो दे फाब्रिसचा दर्शनी भाग.

पहिली गोष्ट मान्य करून टाकते: कारागिरी उत्तम आहे. दगडाची निवड, सांधे, कोरीव काम, कुठेही हयगय नाही. आणि दे फाब्रिसने बाजूच्या भिंतींचे तीन रंग पुढे आणले, हेही समंजसपणाचं. त्यामुळे कोपऱ्यावर उभं राहिलं तर जुनं आणि नवं यांचा सांधा डोळ्यांना खुपत नाही. तरी या भिंतीवर नजर ठरत नाही. बाप्टिस्टरीवर जी हिरवी रेघ मजला सांगत होती, ती इथे चौकटीची चौकट आणि तिच्याही आतली चौकट झाली. कोनाडा, त्यावर त्रिकोणी माथा, माथ्यात नक्षी, नक्षीत चेहरा. खालपासून वरपर्यंत सगळं सारख्याच आवाजात बोलतं. शेजारच्या मिनाराला माहीत आहे की वर गेल्यावर हळू बोलायचं असतं. या भिंतीला ते माहीत नाही. दे फाब्रिसने जुन्या इमारतीचे शब्द अचूक पाठ केले, पण तिचं व्याकरण त्याला उमगलं नाही, असं माझं मत आहे.

हे असं का झालं, याला इतिहास आहे. १८६० मध्ये राजा व्हित्तोरिओ एमानुएले दुसरा याने नव्या दर्शनी भागाचा पहिला दगड बसवला. तोस्काना नुकताच त्याच्या राज्यात सामील झाला होता. वर्षभरात इटलीचं राज्य जाहीर झालं आणि १८६५ ते १८७१ फ्लॉरेन्स देशाची राजधानी होती. राजधानीच्या मुख्य कॅथेड्रलचं तोंड उघडं कसं चालेल? मग स्पर्धांमागून स्पर्धा झाल्या. १८७१ मध्ये दे फाब्रिस ठरला, १८७६ मध्ये काम सुरू झालं. माथा तीन त्रिकोणांचा करायचा की बिनत्रिकोणांचा, सरळ, यावर वर्षानुवर्षं भांडणं झाली. दे फाब्रिस १८८३ मध्ये वारला, लुइजी देल मोरोने काम संपवलं, आणि शेवटी जिंकला सरळ माथा. इतक्या समित्या, इतके परीक्षक, इतकी वर्तमानपत्रं. अशा कामात रिकामी जागा सोडायची हिंमत कोण करणार? प्रत्येक रिकाम्या जागेला कुणीतरी 'इथे काहीच नाही?' असं विचारणारच.

गंमत म्हणजे, त्याच १८८३ मध्ये रोममध्ये भरलेल्या वास्तुकार आणि अभियंत्यांच्या परिषदेत कामिल्लो बोइतोने एक उलटी भूमिका मांडली. थोडक्यात सांगायचं तर, जुन्या वास्तूत भर घालावीच लागली तर ती नवी आहे हे दिसू द्या, लपवू नका. याच्या आधी फ्रान्समध्ये व्हियोले-ल-द्युक सांगून गेला होता की वास्तूला अशा पूर्णावस्थेला न्यावं जी कदाचित कधी अस्तित्वातच नव्हती. आपल्या पुरातत्त्व खात्याने एखाद्या लेण्यातल्या पडक्या खांबाच्या जागी साधा, बिननक्षीचा चौकोनी खांब उभा केलेला तुम्ही पाहिला असेल. तो बोइतोच्या बाजूचा विचार. फ्लॉरेन्सची भिंत व्हियोले-ल-द्युकच्या बाजूची. एकाच देशात, एकाच वर्षी दोन्ही बाजू उभ्या होत्या आणि परातीवर संगमरवर आधीच चढला होता.

पण मी या भिंतीला 'नकली' म्हणणाऱ्यांतली नाही. नकल करायला अस्सल लागतं. इथे अस्सल म्हणावं असं पूर्ण काही कधीच नव्हतं. शिवाय तिच्यात एक जागा अशी आहे जिथे ती मध्ययुगाचं सोंग विसरते. चक्राकार खिडकीच्या वरच्या भागात, प्रेषितांच्या पुतळ्यांच्याही वर, अर्धपुतळ्यांची एक रांग आहे. ते संत नाहीत, फ्लॉरेन्सचे थोर कलावंत आहेत. चौदाव्या शतकातल्या कुणाला चर्चच्या दारावर चित्रकार-शिल्पकारांची अशी रांग लावायचं सुचलं नसतं. ही कल्पना नव्या राष्ट्राची: आमचे संत हे, आणि आमचे कलावंतही. मला ही रांग मनापासून आवडते. तिथे एकोणिसावं शतक स्वतःच्या आवाजात बोलतं, आणि जवळजवळ सगळे पर्यटक नेमकी तीच बघत नाहीत, कारण तिच्याकडे बघायला कुणी सांगत नाही.

माझी तक्रार म्हणूनच भिंतीपेक्षा तिच्याबद्दल सांगणाऱ्यांशी जास्त आहे. ग्रुप टूरमध्ये, कानाला लावायच्या यंत्रात, आपल्या प्रवासवर्णनांत एकच ठोकळ वाक्य असतं: '१२९६ ते १४३६ या काळात बांधलेलं कॅथेड्रल'. घुमटासाठी ते खरं. तुम्ही ज्याच्यासमोर उभे आहात त्याच्यासाठी खोटं. खुद्द चौकही जसा दिसतो तसा जुना नाही. बाप्टिस्टरीभोवतीची मोकळी जागा मिळावी म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आर्चबिशपच्या वाड्याचं तोंड मागे सरकवलं गेलं. जवळचा जुना बाजार तर पूर्ण पाडून आजचा पियात्झा देल्ला रेपुब्लिका बनवला, आणि तिथल्या भव्य कमानीवर ती साफसफाई अभिमानाने कोरून ठेवली. बाजारातल्या गल्ल्या खऱ्या मध्ययुगीन होत्या, त्या गेल्या. मध्ययुगीन दिसणारी भिंत त्याच काळात बांधली गेली. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की त्या काळाला कसलं मध्ययुग हवं होतं ते कळतं: संगमरवराचं, बिनवासाचं, बिनगर्दीचं. हे पर्यटकाला सांगितलं तर त्याची मजा कमी होईल, अशी भीती असते. माझ्या मते उलट होतं. नुसतं 'वा, किती जुनं!' म्हणून माणूस दोन मिनिटांत आइस्क्रीमकडे वळतो.

पूर्तता चांगली कशी होते ते बघायचं असेल तर याच शहरात सांता मारिया नोव्हेल्लाला जा, स्टेशनच्या अगदी समोर. तिथेही खालचा हिस्सा आधीच्या शतकात गॉथिक पद्धतीने होऊन पडला होता. लेओन बात्तिस्ता आल्बेर्तीने तो पाडला नाही आणि त्याची री ओढली नाही. पांढरा-हिरवा रंग तोच ठेवला आणि वर आपल्या काळाची भाषा आणली: रोमन मंदिरासारखा त्रिकोण, आणि उंच-ठेंगण्या भागांना जोडणाऱ्या दोन मोठ्या वेलांट्या. वर ठळक अक्षरांत पैसे देणाऱ्या जोव्हान्नी रुचेल्लाईचं नाव आणि साल, १४७०. लपवाछपवी काही नाही. सांता क्रोचेचा दर्शनी भाग मात्र पुन्हा आपल्या जातीचा. निकोलो मातासचा, १८६३ मध्ये पुरा झालेला, तोही 'मध्ययुगीन' म्हणून फोटोत जातो.

स्वतःच्या भाषेत बोललं की काम जमतंच, असंही नाही. कॅथेड्रलच्या मागच्या बाजूला, आग्नेयेला जा आणि घुमटाच्या खालचा अष्टकोनी पट्टा बघा. आठांपैकी एकाच बाजूवर संगमरवरी सज्जा आहे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बाच्चो द'आन्योलोने तो बांधायला घेतला. मायकेलँजेलोने त्याला किड्यांचा पिंजरा म्हटलं आणि काम थांबलं, अशी गोष्ट सांगतात. बाकीच्या सात बाजू आजही उघड्या आहेत. लाखो लोक घुमटाचे फोटो काढतात आणि ते उघडे दगड कुणाला खटकत नाहीत. मग पुढची भिंत उघडी असती तर काय बिघडलं असतं, हा प्रश्न मी माझ्या मार्गदर्शकांनाही विचारला. ते हसले आणि म्हणाले, 'प्रबंधात लिही.'

आता प्रत्यक्ष जाणार असाल तर माझा क्रम सांगते. कॅथेड्रलच्या दर्शनी भागापासून सुरुवात करू नका. आधी चौकाच्या मागच्या बाजूच्या संग्रहालयात जा. २०१५ मध्ये ते नव्याने उघडलं तेव्हा आर्नोल्फोचा पाडलेला अर्धवट दर्शनी भाग तिथे पूर्ण मापात उभा केला गेला, १५८७ मधल्या एका रेखाटनाच्या आधाराने. हीसुद्धा आजच्या अभ्यासकांनी केलेली एक मांडणीच आहे, पण ती ते उघड सांगतात. आर्नोल्फोची काचेच्या डोळ्यांची माता मेरी तिथे आहे. दोनातेल्लोचा बसलेला संत जॉनही आहे. त्याचं धड जरा जास्तच लांब का, असं वाटेल. तो खालून वर बघणाऱ्यासाठी घडवला होता. त्याच्यासमोर थोडं खाली बसून बघा, प्रमाण बरोबर येतं. पहारेकरी विचित्र नजरेने बघतील, बघू द्या. त्याच दालनात समोर गिबेर्तीचा सोनेरी दरवाजा आहे, खरा. बाप्टिस्टरीला बाहेर लावलेली आहे ती प्रतिकृती.

मग चौक ओलांडून पाच मिनिटांवरच्या सान लोरेन्झोला जा. मेदिचींचं स्वतःचं चर्च. मायकेलँजेलोने त्याच्या दर्शनी भागासाठी आराखडा केला, खाणींत वर्षं घालवली, आणि १५२० मध्ये करार रद्द झाला. पुढे कुणी ते काम पुरं केलं नाही. दगडांच्या खडबडीत, तपकिरी रांगा, संगमरवर बसवण्यासाठी सोडलेल्या खाचा आणि तीन साधी दारं. छत्रपती राजाराम महाराजांच्या वेळी कॅथेड्रलचं तोंड साधारण असं होतं, वर उडालेल्या रंगांचे डाग तेवढे जास्त. समोरच्या पायऱ्यांवर दुपारी लोक डबे उघडून बसलेले असतात. फोटो फारसं कुणी काढत नाही, त्यामुळे बसायला जागा मिळते.